तीन झेंड्यांखाली लढलेली मायलिंदा केल्मेंदी

सांगाती (मूळ लेख)

माझी मुलगी तीन वर्षांपासून ज्युदोला जाते. परवा जिना उतरताना तिने विचारलं, "आई, ज्युदोत आजवरची सगळ्यात मोठी बाई कोण गं?" पदकं मोजायची तर उत्तर सोपं आहे. जपानची र्‍योको तानी. सात जागतिक विजेतेपदं, पाच ऑलिंपिक पदकं आणि त्यांतली दोन सुवर्ण. मी तेच सांगितलं. पण रात्री झोपताना तिला जिची गोष्ट सांगत बसले ती वेगळीच होती. सांगता सांगता मलाच इतकं भरून आलं की इथे लिहायचं ठरवलं.

मायलिंदा केल्मेंदी. जन्म १९९१, गाव पेया, देश कोसोव्हो. बातम्यांत 'मजलिंदा' आणि 'पेजा' असंही छापून येतं, पण तिथल्या अल्बेनियन भाषेत j या अक्षराचा उच्चार 'य' होतो. कोसोव्हो केवढं, तर क्षेत्रफळ आपल्या सोलापूर जिल्ह्यापेक्षा कमी आणि लोकसंख्या साधारण रत्नागिरी जिल्ह्याएवढी. पेया हे डोंगराच्या पायथ्याचं गाव. गावाबाहेर पडलं की रुगोवाची खिंड सुरू होते. १९९८-९९च्या युद्धात या गावातली घरंच्या घरं जळाली. मायलिंदा तेव्हा सात-आठ वर्षांची होती. युद्ध संपल्यावर लवकरच ती बहिणीच्या मागोमाग ज्युदोच्या हॉलमध्ये पोचली.

तो हॉल ड्रिटन कुका यांचा. कुका स्वतः युगोस्लाव्हियाचे चांगले ज्युदोपटू होते आणि १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिककडे डोळे लावून बसले होते. पण युगोस्लाव्हिया फुटत होता, आणि कोसोव्होतले अल्बेनियन खेळाडू तिथल्या संघांतून बाहेर पडले. ऐन विशीत त्यांचं ऑलिंपिक गेलं ते गेलंच. पुढे त्यांनी आपल्याच वस्तीत 'इप्पॉन' नावाचा क्लब काढला आणि आजूबाजूच्या घरांतली पोरं-पोरी गोळा केली. इप्पॉन म्हणजे ज्युदोतला पूर्ण गुण, ज्याने लढत तिथेच संपते. युद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या गावात आईबाप मुलींना मॅटवर पाठवत होते, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं. माझ्या मुलीच्या क्लासला पहिल्या दिवशी मीच दाराशी तासभर उभी होते, आणि बाहेर कसलं युद्ध नव्हतं.

२००९मध्ये पॅरिसला मायलिंदा ज्युनियर जगज्जेती झाली. इथून खरी अडचण सुरू होते. कोसोव्होने १७ फेब्रुवारी २००८ला सर्बियापासून स्वातंत्र्य जाहीर केलं होतं, पण आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने मान्यता दिली नव्हती. २०१२च्या लंडन ऑलिंपिकला तिला स्वतःच्या देशाकडून उतरता आलं नाही. ती अल्बेनियाच्या नावाने उतरली आणि दुसऱ्याच फेरीत हरली. एकवीस वर्षांची मुलगी, आयुष्यातलं पहिलं ऑलिंपिक, आणि पाठीवर दुसऱ्याच देशाचं नाव.

पण ज्युदोचा जागतिक महासंघ ऑलिंपिक समितीच्या पुढे होता. त्याने २०१२मध्येच कोसोव्होला सदस्य करून घेतलं. त्यामुळे २०१३मध्ये रिओला झालेल्या जागतिक स्पर्धेत ती कोसोव्होची म्हणून उतरली. ५२ किलो गटाच्या अंतिम फेरीत समोर ब्राझीलची एरिका मिरांडा होती, म्हणजे अख्खा हॉल विरोधात. मायलिंदा जिंकली. पुढच्या वर्षी रशियातल्या चेल्याबिन्स्कला तिने जगज्जेतेपद राखलं, पण रशिया कोसोव्होला मानत नाही, म्हणून तिथे ती महासंघाच्या झेंड्याखाली खेळली. व्यासपीठावर झेंडा महासंघाचा वर गेला आणि गीतही महासंघाचंच वाजलं. (दुरुस्ती: हा भाग 'नकाशा' यांच्या प्रतिसादानंतर बदलला आहे. शीर्षकात आधी 'दोन झेंडे' होतं, ते 'तीन' केलं.)

९ डिसेंबर २०१४ला ऑलिंपिक समितीने कोसोव्होला पूर्ण सदस्यत्व दिलं. म्हणजे देशाला ऑलिंपिकमध्ये जागा मिळाली तेव्हा त्या देशाची मुलगी दोनदा जगज्जेती होऊन बसली होती.

मग रिओ २०१६. कोसोव्होचे खेळाडू सगळे मिळून आठ. ५ ऑगस्टला माराकाना स्टेडियममध्ये झेंडा तिच्या हातात, आणि ७ ऑगस्टला तिची स्पर्धा. उपांत्य फेरीत जपानची मिसातो नाकामुरा, अंतिम फेरीत इटलीची ओदेत जुफ्रिदा. जिंकल्यावर ती मॅटवरच रडायला लागली, आणि कुकांनी तिला मिठी मारली. कोसोव्होचं हे पहिलं ऑलिंपिक पदक, तेही थेट सोन्याचं. ती नंतर म्हणाली त्याचा आशय असा होता की युद्धातून वाचलेल्या, लहान आणि गरीब देशातल्या मुलांनासुद्धा हवं ते मिळवता येतं, एवढंच मला त्यांना दाखवायचं होतं. राजधानी प्रिश्टिनात तिच्या स्वागताला हजारो लोक रस्त्यावर आले.

बहुतेक लेख इथेच थांबतात. मला पुढचे तीन दिवस जास्त महत्त्वाचे वाटतात, तेही पाच वर्षांनंतरचे. टोकियो, २०२१. २४ जुलैला पेयाच्याच हॉलमध्ये वाढलेल्या डिस्ट्रिया क्रास्निचीने ४८ किलो गटात जपानच्या फुना तोनाकीला तिच्याच देशात हरवून सुवर्ण घेतलं. २५ जुलैला मायलिंदा उतरली आणि पहिल्याच लढतीत हंगेरीच्या रेका पुपकडून हरली. २६ जुलैला त्याच हॉलमधली नोरा याकोवा ५७ किलोत सुवर्ण जिंकली. दोन सुवर्णांच्या मधोमध तिचा पराभव. त्याच वर्षी ती निवृत्त झाली आणि शिकवायला लागली.

मुलीला हे सांगितल्यावर तिने विचारलं, "मग तिला वाईट वाटलं असेल का?" मला उत्तर देता आलं नाही. तुम्हाला काय वाटतं?

निशिगंध

सुंदर लिहिलंस सांगाती. मला ज्युदोतलं ओ की ठो कळत नाही, तरी शेवटपर्यंत वाचलं. मुलीच्या प्रश्नाबद्दल: वाईट वाटलंच असणार. चार वर्षांची तयारी चार मिनिटांत संपते. पण आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी जिंकलेल्या दोघी रोज तिच्याशीच झटून तयार झाल्या होत्या, हेही तिला ठाऊक असणार. दोन्ही एकाच वेळी मनात असू शकतं. आपल्या घरातली जाऊ किंवा बहीण काही मिळवते आणि त्याच आठवड्यात आपलं काही हुकतं, तेव्हा होतं तसं.

कृष्णाकाठ

मी कराडचा. हा लेख वाचताना खाशाबा जाधव डोळ्यांपुढे आले नाहीत तरच नवल. गोळेश्वर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. १९५२, हेलसिंकी, कुस्तीत कांस्य. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. देश स्वतंत्र होऊन पाच वर्षं झाली होती. कोसोव्होला आठ लागली. नव्या देशाचं पहिलं वैयक्तिक पदक दोन्हीकडे मातीशी, मॅटशी झटणाऱ्या खेळातून आलं, हा योगायोग मला फार आवडला.

खाशाबा परत आले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती, हे आमच्याकडे घरोघरी सांगतात. त्यांच्या प्रवासखर्चासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. म्हणजे लोकांनी दिलं, गावाने दिलं. सरकारदरबारी मात्र उशीर झाला. १९८४ला ते अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. आता १५ जानेवारी, त्यांचा जन्मदिवस, राज्याचा क्रीडादिन म्हणून पाळतात. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलात त्यांच्या नावाचं सभागृह आहे. सगळं चांगलं आहे. पण माणूस असताना का नाही, हा प्रश्न आमच्या गावातून जात नाही. मायलिंदाला पंचविशीतच सगळं मिळालं. त्याबद्दल तिच्या देशाचं कौतुक वाटतं.

नकाशा

लेख आवडला. एक दुरुस्ती: २०१४च्या चेल्याबिन्स्कच्या स्पर्धेत ती कोसोव्होच्या झेंड्याखाली नव्हती, जागतिक महासंघाच्या झेंड्याखाली होती. त्यामुळे अल्बेनिया, महासंघ आणि कोसोव्हो असे तीन झेंडे होतात.

आणि एक गोष्ट इथे मांडावीशी वाटते, कारण ती आपल्याशी निगडित आहे. भारतानेही कोसोव्होला मान्यता दिलेली नाही. नोव्हेंबर २०१८मध्ये दिल्लीत महिलांची जागतिक मुष्टियुद्ध स्पर्धा झाली. कोसोव्होची दोन्येता सादिकू ही एकटीच खेळाडू येणार होती. तिला व्हिसा मिळाला नाही. आता कृष्णाकाठ यांचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला, कारण ती स्पर्धा ज्या सभागृहात झाली ते खाशाबांच्या नावाचंच.

कृष्णाकाठ

नकाशा, हे मला खरंच माहीत नव्हतं. वाचून गप्प झालो. खाशाबांच्या नावाच्या सभागृहात एखाद्या नव्या देशाच्या पोरीला येता येऊ नये, हे मनाला फार लागलं.

एक_नागरिक

थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नये. कोसोव्होला मान्यता न देण्यामागे भारताची भूमिका आहे आणि ती सोयीपुरती नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा १९९९चा ठराव क्र. १२४४ युगोस्लाव्हियाच्या (म्हणजे सर्बिया-माँटेनेग्रोच्या) तेव्हाच्या सीमा धरून चालतो. एका प्रदेशाने एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर करायचं आणि जगाने मान डोलवायची, हे आपल्यासारख्या देशाला परवडत नाही. युरोपीय संघातल्या स्पेन, ग्रीस, रुमानिया, स्लोव्हाकिया आणि सायप्रस या पाच देशांनीही मान्यता दिलेली नाही. त्यांची कारणंही अशीच घरची आहेत. त्या मुष्टियोद्ध्या मुलीबद्दल वाईट वाटतं, पण परराष्ट्र धोरण एका व्हिसापुरतं वाकवता येत नाही.

नकाशा

एक_नागरिक, तुमच्या भूमिकेचा आदर आहे आणि धोरण बदला असं मीही म्हणत नाही. मुद्दा एवढाच की धोरण न बदलताही वाट निघते. रशियानेच २०१४ला ती काढली. देश मानला नाही, पण खेळाडूला मॅटवर येऊ दिलं. आणि आपल्यालाही नंतर तेच करावं लागलं. फेब्रुवारी २०१९मध्ये दिल्लीच्या नेमबाजी विश्वचषकासाठी पाकिस्तानच्या नेमबाजांना व्हिसा मिळाला नाही, तेव्हा ऑलिंपिक समितीने भारतात स्पर्धा भरवण्याबद्दलची बोलणीच थांबवली. जूनमध्ये आपल्या सरकारने सगळ्या पात्र खेळाडूंना येऊ देण्याची लेखी हमी दिली, मग तो निर्बंध उठला.

एक_नागरिक

लेखी हमीचा मुद्दा मान्य. महासंघाच्या झेंड्याखाली खेळू देण्याची सोय तेव्हाही करता आली असती, हे मलाही पटतं.

तातामी

मी राज्यपातळीपर्यंत ज्युदो खेळले आहे, आता आठवड्यातून तीन दिवस मुलांना शिकवते. म्हणून खेळाबद्दल थोडं लिहिते, कारण मायलिंदाचं नाव झेंड्यांमुळे झालं असं कुणाला वाटू नये. तिचा ज्युदो बघण्यासारखाच होता.

ज्युदोत डाव नंतर येतो, आधी पकड. समोरच्याच्या ज्युदोगीची, म्हणजे ज्युदोच्या पोशाखाची, कॉलर आणि बाही कुणाच्या हातात आधी आणि कशी येते, यावर अर्धी लढत ठरते. बऱ्याच लहान वजनगटाच्या मुली पकडीसाठी बोटाबोटांनी झुंजत राहतात, पट्पट् हात झटकतात. मायलिंदा सरळ आत घुसायची आणि हात समोरच्याच्या खांद्यावरून पार पाठीवर टाकायची. पाठीवर असा हात पडला की खालच्या मुलीचं डोकं वाकतं, कमरेतून ताठ राहता येत नाही, आणि मग पाय कुठे जातोय हे कळायच्या आत ती हवेत असते. ही पकड घ्यायला फार जवळ जावं लागतं. जवळ जाणं म्हणजे स्वतःलाही फेकलं जाण्याच्या टप्प्यात नेणं. तेवढी हिंमत असली तरच ते जमतं. मी माझ्या मुलींना तिच्या लढती याच एका गोष्टीसाठी दाखवते. आवाज बंद करून फक्त हात बघायला सांगते.

रिओच्या अंतिम लढतीत इप्पॉन झाला नव्हता. छोट्या आघाडीवर ती जिंकली. तेव्हा इप्पॉन, त्याखालचा वाझा-आरी आणि सगळ्यात छोटा युको असे तीन गुण होते. २०१७ला युको काढून टाकला, २०२५पासून परत आणला. ज्यांना जुन्या लढती बघायच्या आहेत त्यांनी हे लक्षात ठेवावं, नाहीतर गुणफलक बघून गोंधळ होतो.

आणि तिच्या कारकिर्दीत रिओ एवढंच नाही. युरोपीय विजेतेपद चार वेळा: २०१४, २०१६, २०१७, २०१९. मधल्या काळात दुखापतींनी छळलं. २०१९ला टोकियोच्या जागतिक स्पर्धेत कांस्य घेतलं, म्हणजे शेवटपर्यंत वरच्या चौघींत होती. टोकियो ऑलिंपिकचा तो एक दिवस बघून कुणी तिचं वय झालं होतं म्हणू नये. आमच्या खेळात पहिल्या फेरीतला पराभव कुणाच्याही वाट्याला येतो.

सांगाती

तातामी ताई, हे वाचायलाच तर धागा काढला होता. पाठीवरच्या पकडीबद्दल लेकीला वाचून दाखवलं. तिने लगेच माझ्यावर करून बघितली.

एक विचारायचं होतं. तुम्ही राज्यपातळीवर खेळलात, तुम्हाला त्याचं काय मिळालं? घरचे सारखे विचारतात, "पुढे काय?" आणि माझ्याकडे धड उत्तर नसतं.

तातामी

खरं सांगते. दहावीला क्रीडासवलतीचे गुण मिळाले, ते उपयोगी पडले. पुढे सरकारी भरतीसाठी खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणातून अर्ज केला. त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी लागते. ज्या कचेरीत कागद दिले तिथे माझी फाईल दोनदा गहाळ झाली. तिसऱ्यांदा झेरॉक्स घेऊन गेले तेव्हा तिथल्या बाई म्हणाल्या, "ज्युदो म्हणजे कराटेच ना?" भरतीची मुदत निघून गेली. खूप रडले होते. बाबा म्हणाले, पदक मॅटवर मिळालंय, ते तिथे कुणी काढून घेऊ शकत नाही. मी दुसऱ्या आठवड्यात क्लासला परत गेले आणि तेव्हापासून शिकवतेच आहे.

म्हणून मायलिंदाच्या गोष्टीत मला प्रिश्टिनाच्या गर्दीपेक्षा कुकांचा हॉल मोठा वाटतो. स्पर्धेहून हरून आलेल्या मुलीला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जायला एक जागा असते. तिथे कुणाला ज्युदो म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. कोसोव्होने आजवर ऑलिंपिकमध्ये पाच पदकं घेतली. रिओत मायलिंदा, टोकियोत डिस्ट्रिया आणि नोरा, पॅरिसमध्ये डिस्ट्रियाचं रौप्य आणि लाउरा फाझलियूचं कांस्य. पाचही ज्युदोतली, पाचही मुलींची आणि पाचहींच्या मागे कुका. पॅरिसला डिस्ट्रिया ५२ किलोत उतरली होती, म्हणजे मायलिंदाच्याच गटात. ऑलिंपिकला एका वजनगटात एका देशाची एकच खेळाडू जाते. त्यामुळे आधीची थांबल्याशिवाय दुसरीला ती जागा मिळतच नाही. सांगाती, तुमच्या लेकीच्या प्रश्नाचं थोडं उत्तर मला यात दिसतं.

घरच्यांना सांगा, पुढे काय ते पुढे. आत्ता ती रोज शंभर वेळा पडायला शिकतेय आणि न लागता उठतेय.

निशिगंध

तातामी, तुमच्या बाबांचं वाक्य लिहून ठेवलं.

पिंपळपान

उशिरा आले. एक बाजू अजून कुणी मांडली नाही. दुसऱ्या देशांकडून खेळण्यासाठी आपल्याला मोठमोठ्या रकमा देऊ केल्या होत्या, असं मायलिंदाने स्वतः सांगितलं आहे. ती गेली नाही. आपण याचं कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. पण ती गेली असती तर आपण तिला नावं ठेवली असती का? माझा भाऊ दुसऱ्या राज्याकडून खेळला, कारण तिथे नोकरी होती आणि आमच्या घरी तेव्हा दोन वेळची पंचाईत होती. त्याला आमच्याच नात्यातल्या लोकांनी काय काय ऐकवलं. म्हणून 'ती विकली गेली नाही' असं कुणी म्हणालं की माझ्या पोटात ढवळतं. जे गेले ते विकले गेले असं नसतं.

कृष्णाकाठ

पिंपळपान ताई, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पोटासाठी गेलेल्याला बोल लावू नये. मायलिंदाचं थांबणं मोठं वाटतं ते वेगळ्या कारणाने. लंडनला तिने दुसऱ्या देशाच्या नावाने खेळून बघितलं होतं. ते कसं लागतं हे तिला ठाऊक होतं, आणि पुढच्या ऑलिंपिकला आपलं नाव पाठीवर असेल याची तेव्हा कुणीच हमी देत नव्हतं. तरी ती थांबली.

तातामी

देश बदलण्यावरून आठवलं. २०१३च्या ज्या जागतिक स्पर्धेत मायलिंदा पहिल्यांदा जगज्जेती झाली, त्याच स्पर्धेसाठी काँगोचा संघ रिओला आला होता. त्यातले पोपोले मिसेंगा आणि योलांदे माबिका परत गेलेच नाहीत. त्यांनी ब्राझीलमध्ये आश्रय मागितला. तीन वर्षांनी त्याच शहरात ऑलिंपिक झालं तेव्हा दोघं पहिल्यावहिल्या निर्वासित संघातून उतरले. मिसेंगाची पहिली लढत कुणाशी होती माहीत आहे? आपल्या अवतार सिंगशी. रिओला भारताचा ज्युदोतला तो एकमेव खेळाडू. मिसेंगा जिंकला.

तेव्हा मी ती लढत बघत होते आणि अर्थातच अवतारच्या बाजूने होते. तो हरल्यावर वाईट वाटलं. पण प्रेक्षक मिसेंगासाठी ज्या तऱ्हेने उभे राहिले ते बघून मीही घरात उभी राहिले. एकाच शहरात, एकाच आठवड्यात एक मुलगी पहिल्यांदा स्वतःच्या देशाच्या झेंड्याखाली जिंकते आणि एक मुलगा कुठल्याच देशाच्या झेंड्याशिवाय जिंकतो.

दूरदेशी

झुरिकहून लिहितोय. इथे कोसोव्होच्या लोकांची मोठी वस्ती आहे. स्वित्झर्लंडच्या फुटबॉल संघाकडून खेळलेले जाका आणि शाकिरी यांची मुळं तिकडचीच. माझ्या बरोबर काम करणारा एक सहकारी पेयाजवळच्या खेड्यातला आहे. १९९९ला तो दहा वर्षांचा होता, आईबरोबर डोंगर ओलांडून माँटेनेग्रोत गेला होता.

रिओच्या त्या रविवारी आमच्या गल्लीत रात्री गाड्यांचे हॉर्न वाजत होते. मला वाटलं फुटबॉल. दुसऱ्या दिवशी त्याला विचारलं तर तो म्हणाला, ज्युदो. मी म्हणालो, तू ज्युदो बघतोस? तो म्हणाला, आम्ही कुणीच बघत नव्हतो, आता आजी पण बघते. त्याची आजी गावाकडे असते. तिला इप्पॉन आणि वाझा-आरीतला फरक कळतो, पंचाने चुकीचा दंड दिला तर ती टीव्हीवर ओरडते. मला लोकमान्यता म्हटलं की त्या म्हाताऱ्या बाई आठवतात, ज्यांना मी कधी भेटलेलो नाही.

त्याने अजून एक सांगितलं. कामाच्या ठिकाणी लोक कुठला म्हणून विचारायचे तेव्हा तो आधी युद्धाचं सांगायचा, कारण कोसोव्हो म्हटलं की समोरच्याला तेवढंच माहीत असायचं. २०१६नंतर काही दिवस लोकच त्याला म्हणायचे, "अरे, ती ज्युदोवाली तुमचीच ना?" हे सांगताना तो जो हसला ते मी विसरणार नाही.

सांगाती

दूरदेशी, आजींचं लेकीला सांगितलं. ती म्हणते, आपल्या आजीला पण शिकवू. काल जेवणानंतर दोघी बसून २४, २५ आणि २६ जुलैच्या लढती बघत होत्या. सासूबाईंनी मधला दिवस परत लावायला सांगितला. म्हणाल्या, हरली तरी कशी वाकून नमस्कार करून बाहेर पडली बघ.

मूळ लेखातला प्रश्न मी आता परत विचारत नाही. तुम्ही सगळ्यांनी मिळून मला भरपूर दिलंत.

नकाशा

दूरदेशी, तुम्ही कधी पेयाला गेलात का? भारतीय पासपोर्टवर जाता येतं का, याची मला उत्सुकता आहे. आपण देश मानत नाही, पण त्यांच्या शिक्क्याचं काय होतं?

दूरदेशी

अजून नाही गेलो. शेंगेन देशातला रहिवासी परवाना असेल तर पंधरा दिवसांपुरतं वेगळ्या व्हिसाशिवाय जाता येतं. सहकारी उन्हाळ्यात गाडीने गावी जातो. यंदा मला चल म्हणतोय. त्याचं गाव आणि पेया यांत अर्ध्या तासाचं अंतर आहे. हॉल चालू असतो, संध्याकाळी बाहेर चपला-बुटांचा ढीग असतो, म्हणाला. आत जाऊ देतील की नाही माहीत नाही, पण दारापर्यंत तर नक्की जाईन.

तातामी

आत गेलात तर मॅटच्या कडेला उभं राहून आधी वाका. मग ते बसायला जागा देतील. आणि लहान मुलींची बॅच कितीची आहे ते मोजून सांगा.

सांगाती

आणि आमच्या घरून एक निरोप आहे. लेकीने वहीच्या पानावर चित्र काढलंय, ज्युदोगी घातलेल्या दोन मुली, एकीचा हात दुसरीच्या पाठीवर. वर मराठीत 'मायलिंदा मावशीला' असं लिहिलंय. पत्ता व्यक्तिगत निरोपातून कळवा, उद्याच पोस्टात टाकते.